लातूरच्या खोलीवरची आत्या

आमची आत्या छताखाली झोपत नसे. उन्हाळ्यात अंगणात, हिवाळ्यातही अंगणात, आणि पावसाळ्यात दाराबाहेर पाल बांधून त्याच्याखाली. घरात स्वयंपाक करायची, जेवायची, आल्यागेल्याशी गप्पा मारायची. पण अंथरूण म्हटलं की ते बाहेरच. कुणी नवखं माणूस म्हणालंच, अहो बाई, एवढ्या थंडीत बाहेर कशाला, तर ती एकदा वर बघायची आणि म्हणायची, "याचा काय भरवसा?" बस, पुढं बोलणं नाही. भूकंप बघितलेलं असं एखादं माणूस तेव्हा आमच्याकडं बऱ्याच घरांत होतं, त्यामुळं आम्हालाही त्याचं फार नवल वाटत नसे. बाकीचे लोक हळूहळू पुन्हा आत झोपायला लागले. आत्या लागली नाही.

ती बापूंची, म्हणजे माझ्या वडिलांची, थोरली बहीण. किल्लारीच्या बाजूला एका गावात दिलेली. दगडामातीचं घर, वर हातभर जाडीचं मातीचं माळवद. भूकंपाच्या त्या पहाटे ती गोठ्यात होती. म्हैस आज-उद्या व्यायला झालेली, म्हणून तिथंच पोतं टाकून आडवी झाली होती. घरात तिचा नवरा आणि मुलगी उषा. मुलगा प्रकाश लातूरला वसतिगृहात. म्हैस वाचली, आत्या वाचली, लातूरला शिकायला ठेवलेला प्रकाश वाचला. आतले दोघं गेले.

उषा माझ्याच वयाची. त्यांच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. सातवी झाल्यावर तिनं हट्ट धरला होता, नांदेडला मामाकडं राहते आणि संगीबरोबर आठवीला जाते. संगी म्हणजे मी. बापू हो म्हणाले होते. पण त्याच जूनमध्ये प्रकाशला बारावीसाठी लातूरला ठेवायचं ठरलं, त्याचा खर्च अंगावर आला, आणि आत्यानं पोरीला सांगितलं, यंदा दादाचं होऊ दे, तुझं पुढच्या वर्षी बघू. म्हणून ती त्या वर्षी घरी होती. माझ्या शेजारी बाकावर बसायची होती ती पोरगी.

हे आत्यानं मला कधी सांगितलं नाही, आईनं सांगितलं. आत्याचं एवढंच होतं की तिच्यासमोर कुणी 'पुढच्या वर्षी' म्हटलेलं तिला चालत नसे. हातातलं काम तसंच टाकून उठायची आणि बाहेर जाऊन बसायची. आई आम्हाला दटावून ठेवायची, "तेवढे दोन शब्द तिच्यापुढं काढू नका रे बाबांनो." मग आमच्या घरात 'येत्या जूनला' असायचं, 'दिवाळीनंतर' असायचं, 'सवडीनं' असायचं. पुढचं वर्ष म्हणून काही नसायचंच. भूकंपानंतर ती आमच्याकडंच नांदेडला राहायला आली होती, तेव्हा हे जपणं रोजचं झालं.

मग माझा मोठा भाऊ, भैया, दहावी झाला आणि आमच्या घरात लातूर सुरू झालं. तेव्हा हवाच तशी होती. नांदेड, परभणी, पार बिलोली-देगलूरकडची माणसं पोराची दहावी झाली की आधी लातूरला जाऊन खोली बघायची. दर विषयाचे सर वेगळे, दर सरांचा क्लास वेगळा. दिवस उजाडायच्या आत सायकली इकडून तिकडं पळायला लागायच्या. गुणवत्ता यादीत आलेल्या पोरांचे फोटो चौकाचौकांत. आणि खोली करायची म्हणजे नुसती भाड्यानं घ्यायची नाही, पोराच्या खाण्यापिण्याला घरातली एक बाई सोबत द्यायची. कुणाची आई, कुणाची आजी, कुणाची शाळा सोडवलेली बहीण. गल्लीच्या गल्ली अशा बायकांची. नळावर गाठ पडली की त्या एकमेकींचं नाव नाही विचारायच्या, "तुमचा कितवीला?" असं विचारायच्या.

आमच्याकडून आत्याला पाठवायचं ठरलं. ती मोकळीच आहे, असं बापू म्हणाले. हा शब्द आमच्या घरात फार चालायचा. नवरा गेला, पोरगी गेली, पोरगा भूकंपग्रस्तांच्या कोट्यातून पुण्याकडं नोकरीला लागला, म्हणजे बाई मोकळी! बापू वाईट माणूस नव्हते हो. पाटबंधारे खात्यात विष्णुपुरीला नोकरी, पान-तंबाखूचंसुद्धा व्यसन नाही, बहिणीला जन्मभर घरात ठेवायची तयारी. पण मोकळ्या बाईला काम लावून दिलं पाहिजे हे त्यांना श्वास घेण्याइतकं साहजिक वाटायचं. आत्यानंही नाही म्हटलं नाही. तिची एकच अट, खोली पत्र्याची पाहिजे. "पत्रा पडला तर माणूस उठतंय," ती म्हणाली. सिमेंटच्या दोन चांगल्या खोल्या तिनं नाकारल्या, आणि शेवटी एका बोळात, पुढं थोडं अंगण असलेली पत्र्याची खोली पसंत केली. भैया आत पत्र्याखाली, ती बाहेर.

तिची आणखी एक तऱ्हा होती. भैया झोपायला गेला की त्याच्या उशाशी एक तांब्या पालथा घालायचा, त्यावर पेला, पेल्यावर वाटी. जमीन हलली तर वाटी आधी पडेल आणि पोरगं जागं होईल. भूकंपानंतर ही युक्ती आमच्याकडं पुष्कळ घरांत चालायची. एकदा मांजरानं ती उतरंड पाडली. भैया चड्डीवर थेट बोळात, त्याला बघून शेजारच्या खोल्यांमधली सगळी पोरं बाहेर, त्यांच्या आया बाहेर, एका आजीबाईंनी तर पोथीसकट धाव घेतली. मांजर तिकडं दूध पीत बसलेलं! सगळ्यांनी आत्याला बोल लावले. आत्या मात्र खूश होती. "बघा, पळता येतंय की समद्यांला," म्हणाली, आणि वाटी पुसून पुन्हा जागेवर ठेवली.

पुढच्या उन्हाळ्यात माझी दहावी झाली. भैयापेक्षा मला चांगलेच जास्त मार्क. बापूंनी पेढे वाटले, आणि मनापासून वाटले, हे मी नाकबूल करणार नाही. मला डॉक्टर व्हायचं होतं. तेव्हा मार्क पडलेल्या प्रत्येकाला डॉक्टर व्हायचं असायचं, मी काही जगावेगळी नव्हते. आत्या सुट्टीला नांदेडला आलेली होती. जेवणं झाल्यावर ओसरीवर विषय निघाला तेव्हा बापू म्हणाले, "संगीची काळजीच नाही. इथंच मुलींच्या कॉलेजात घालू. सरकारनं मुलींना फी माफच केलीय, आपल्याला काही तोशीस नाही."

हे बोलताना त्यांचा चेहरा अगदी समाधानी होता. मुलींचं शिक्षण फुकट झालं ही चांगलीच गोष्ट, पण आमच्याकडच्या बापांनी त्याचा अर्थ असा लावला की मुलीवर आता खर्च करायचं कारणच उरलं नाही.

आत्या सुपारी कातरत होती. "बापू," ती म्हणाली, "फुकट मिळतंय तेवढंच पोरीला, आन् इकत घ्यायचं ते पोराला, असं हाय का?"

"अक्का, तसं नाही. क्लासची ऐपत एकाचीच आहे. भैयाचं बारावीचं वर्ष. संगीचं पुढच्या वर्षी बघू की."

आईनं कपाळाला हात लावला. बापूंच्याही लक्षात आलं, पण शब्द तर गेला होता. आत्या अडकित्ता खाली ठेवून उठली आणि अंगणात जाऊन बसली. मी आत उशीत तोंड खुपसून रडले, आणि रडून काही होत नाही हे त्या वयातही मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याचे गुडघे गेले. आदल्या दिवशीपर्यंत घागरीवर घागर आणणारी बाई अंथरुणावरून उठेना. "माझ्यानं आता खोली होत न्हाई बापू. गुडघं धरल्यात. तू दुसरी कुणी तरी बघ." बापू हवालदिल झाले. भैयाची बारावी, क्लास सुरू व्हायला आलेले, आणि दुसरी मोकळी बाई आणायची कुठून? तेल लावून झालं, निगडीचा पाला झाला, लेप झाला. गुडघे काही ऐकेनात. शेवटी बापू अगदी बेजार झाल्यावर आत्या कण्हत कण्हत म्हणाली, "एक इलाज हाय. संगी येत असंल हाताखाली, तर कसंतरी रेटीन. ती भाकऱ्या थापंल, मी बसून भाजी चिरीन. तिचं कालेज काय, तिथं बी फुकटच की."

बापूंनी विचार केला. खोली तीच, चूल तीच, फी तिथंही माफ. ते हो म्हणाले. मला लातूरला शिकायला पाठवायची आमची ऐपत नव्हती, स्वयंपाकाला पाठवायची होती. त्या वेळी मला याचा राग आला नाही, मी नुसती आनंदले. राग पुढं पुष्कळ वर्षांनी आला, तोही फार टिकला नाही.

एसटी लोह्याला चहापाण्याला थांबली तशी आत्या सीटवरून टुणकन उठली, खाली उतरली, आणि गरम भज्यांचा पुडा घेऊन लोकांना कोपरानं ढकलत वर आली. मी तिच्या गुडघ्यांकडं बघितलं. "खा गप," ती म्हणाली. "डोळं कशाला वटारायलीस?"

खोलीवर गेल्यावर तिनं मला पहिलं वाक्य ऐकवलं ते असं, "पोळपाटाला हात लावशील तर हात मोडून ठेवीन." दोन वर्षांत तिनं मला भाकरी थापू दिली नाही की कपबशी विसळू दिली नाही. मी शिकत होते ही गोष्ट बापूंपासून लपवायची नव्हती, कॉलेजचं त्यांना ठाऊकच होतं; लपवायचं होतं ते हे, की मी स्वयंपाक करत नाही. बापू महिन्या-दोन महिन्यांनी धान्य घेऊन यायचे. बोळाच्या तोंडाशी राहणारी एक बाई लांबूनच ओरडायची, "आत्याबाई, तुमचा भाऊ आला वो!" की मी पुस्तक टाकून परातीपुढं. आत्या माझ्या हाताला पीठ फासायची, कपाळालाही थोडं लावायची, आणि स्वतः भिंतीला टेकून गुडघे चोळत बसायची. भैया सगळं बघायचा आणि पुस्तकात तोंड घालून हसायचा. त्यानं एकदाही सांगितलं नाही, एवढं त्याचं मोठेपण. बापू जेवायचे आणि म्हणायचे, "अक्का, संगीच्या हाताला चव आली आता."

"यायचीच की," आत्या म्हणायची. "दिसरात थापतीया बिचारी."

याचा भोग मला लग्नात भोगावा लागला. बापूंनी पाहुण्यांना अभिमानानं सांगितलं, मुलगी दोन वर्षं लातूरला खोलीवर एकटीनं स्वयंपाक करत होती! सासूबाईंनी माझी पहिली भाकरी ताटात उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, "लातूरला लोक हे खायचे?"

पण कॉलेज म्हणजे लातूर नव्हे. लातूर म्हणजे क्लास, आणि क्लास फुकट नव्हता. भैयाचे तिन्ही विषयांचे क्लास होते. माझा एकही नव्हता. भैयानं आपल्या नोट्स मला दिल्या, पण निम्म्या तासांना तो स्वतःच गेलेला नव्हता, त्यामुळं प्रकरण सुरू व्हायचं आणि मध्येच बंद पडायचं. आत्या हे बघत होती. तिला अक्षर ओळखीपुरतंच येत होतं, पण कोणती पोर अडलीय हे काय अक्षरांवरून कळतं? एक दिवस ती डोक्यावर पदर घेऊन निघाली आणि माझ्या तिन्ही विषयांच्या सरांच्या घरी जाऊन आली. भौतिकशास्त्राच्या सरांकडं सासू, सून, पोळ्यावाली, सगळं भरलेलं घर. जीवशास्त्राच्या सरांची बायको मोठी सुगरण. रसायनशास्त्राचे सर मात्र बायकोच्या परगावच्या नोकरीमुळं एकटे राहत होते, आणि त्यांच्याजवळ त्यांची म्हातारी आई. म्हातारीला दात नव्हते, आणि मेसच्या डब्यातलं तिला काही चावत नव्हतं.

आत्या परत आली आणि मला म्हणाली, "उद्यापासून त्या रसायनवाल्याकडं जायचं. पुढच्या बाकड्यावर बसायचं."

दोन वर्षं तिनं त्या म्हातारीला मऊ खिचडी, घोटलेलं वरण, दुधात कुस्करलेली भाकरी पोचवली, दोन्ही वेळा. सरांनी माझ्याकडं फी म्हणून कधी विचारलं नाही, आणि कधी मागं बसवलंही नाही. आज मी रसायनशास्त्र शिकवते. मुलं विचारतात, मॅडम, तुम्ही हाच विषय का निवडला? मी काहीतरी सांगते. खरं उत्तर हे आहे की त्या सरांच्या आईला दात नव्हते.

भैयाला बारावीत मार्क कमी पडले. त्यानं सुधारण्यासाठी आणखी एक वर्ष द्यायचं ठरवलं, म्हणून खोली राहिली, आणि खोली राहिली म्हणून माझी बारावी लातूरला झाली. त्याचे हे माझ्यावर केवढे उपकार! त्याचा पहिल्या झटक्यात नंबर लागला असता तर मला कोण तिथं ठेवणार होतं? दुसऱ्या वर्षीही त्याचा विष्णुपुरीच्या सरकारी इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही. मग बापूंनी गावाकडचं थोडं रान विकायला काढलं आणि त्याला खासगी कॉलेजात घातलं. ऐपत अशी अचानक कुठून कुठून निघते, हे मी तेव्हा बघितलं.

माझा निकाल सांगायचा तर रसायनशास्त्रात कॉलेजात माझ्या पुढं कुणी नव्हतं, आणि बाकीच्या दोन विषयांत माझ्या पुढं पुष्कळ जण होते. मेडिकल हुकलं. थोडक्यात नाही, चांगलंच हुकलं. मी गुणपत्रिका वाचून दाखवली, आत्यानं ऐकली, आणि बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "एका इषयाचं पोट भरलं. दोन उपाशी ऱ्हायले गं बाई माझ्यानं." मी म्हटलं, आत्या, तुझ्यानं काय, तू एवढं केलंस. पण ते तिच्या मनातून कधी गेलं नाही, हे मला माहीत आहे, कारण पुढं मी बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, लोह्याला नोकरीला लागले, आणि दर वेळी पेढा तोंडात टाकताना ती तेच म्हणायची, "दोन राहिले." बापू मात्र चारचौघांत सांगायचे, "पोरीला मी लातूरला ठेवून शिकवलं!" आत्या तिथं असली तर हळूच म्हणायची, "भाकरी कराय धाडली होती," आणि सगळे हसायचे, बापूसुद्धा. आता बापू नाहीत. ज्याच्यावर चिडावं असंही कुणी उरलं नाही.

आमच्यानंतर आत्याची खोली काही सुटली नाही. आधी चुलत्यांचा मुलगा, मग त्याचा धाकटा, मग आईच्या माहेरचा एक. जून आला की कुणी ना कुणी जीप घेऊन तिला न्यायला यायचं. पोरगं इंजिनिअर व्हायचं, डॉक्टर व्हायचं, पाया पडायचं, आणि जायचं. तिच्या खोलीवरून शिकून गेलेल्यांच्या लग्नांत तिला मानाचं लुगडं मिळायचं आणि जेवताना पहिल्या पंगतीला पाट. नंतर कुणी ये म्हणायचं नाही. प्रकाशनं एकदा पुण्याला नेलं. चौथ्या मजल्यावर घर, गॅलरीला लोखंडी जाळी. ती आठवडाभर बसून राहिली आणि परत आली. "पोरगा चांगला हाय, सून बी चांगली हाय," म्हणाली. "पर आभाळच न्हाई तिथं."

मग लातूरला हॉस्टेलं झाली, मेस झाल्या, अभ्यासिका झाल्या. पोराबरोबर बाई पाठवायची गरज संपली, आणि आत्याचीही संपली. मी तिला लोह्याला आमच्याकडं आणलं. आमचं घर बैठं, पुढं मोकळं अंगण, तिची बाज तिथं. एव्हाना तिचे गुडघे खरोखरच गेले होते. आम्हा दोघींत त्यावरून चेष्टा चालायची. "खोटं दुखणं घेतलं ना, आता खरं आलं बघ," मी म्हणायची. "घेतलं तर घेतलं," ती म्हणायची. "वाया तर न्हाई गेलं."

माझी मुलगी ईश्वरी दहावी झाली तेव्हा ती सगळी चक्रं पुन्हा सुरू झाली. वाटलं होतं, आता आपलं घर वेगळं, नवरा-बायको दोघं कमावते, निदान आपल्या दारात तो जुना विषय येणार नाही. नवरा माझा समजूतदार आहे. पैशाला त्यानं एकदाही नाही म्हटलं नाही. अडचण निघाली ती वेगळीच. त्याच्या भावाचा मुलगा आदल्या वर्षी ट्रंक घेऊन एकटा लातूरला गेला होता, कुणाला काही वाटलं नव्हतं. पण मुलगी? तिला एकटी कशी ठेवायची? हॉस्टेलच्या बातम्या, रस्त्यावरची पोरं, रात्रीचे क्लास. माझी रजा मिळेना, त्याची बँकेतली रजा मिळेना. पोराला नुसती फी लागते, पोरीला फी लागते आणि वर एक माणूस लागतं. मी भांडले, रडले, दोन हॉस्टेलं बघून आले, सासरच्यांचे टोमणे ऐकले. दमले. शेवटी एका संध्याकाळी तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "यंदा इथंच घालू अकरावीला. तू बदलीचा अर्ज दिलाच आहेस. लातूरला बदली झाली की पुढच्या वर्षी बघू."

बाहेर बाज करकरली. आत्या भिंत धरत धरत उठली. पंच्याहत्तरी गाठलेली बाई. दारात येऊन उभी राहिली आणि ईश्वरीला म्हणाली, "पोरी, माझी पिशवी काढ वरून. खोली बघाय जायचंय."

"आत्या, तुला उठता येईना, तू काय खोली करणार?" मी म्हटलं.

"मेस हाय म्हणत्यात की आता. मला कुठं भाकरी करायचीय? माणूस पाहिजे ना सोबतीला? मी माणूस हाय." मग नवऱ्याकडं वळून म्हणाली, "जावईबापू, तीन इषयांचे पैशे भरा. तिन्ही."

त्यानं भरले.

पण आता लातूरला पत्र्याची खोली कुठं मिळते? सगळीकडं इमारती. मुलींसाठी बरी म्हणून मिळाली ती तिसऱ्या मजल्यावर, वर आणखी दोन मजले, आणि गच्चीला कुलूप. मालकाला गच्चीबद्दल विचारलं तर म्हणाला, मुलींची इमारत आहे, वर कुणाला सोडत नाही. बाहेरच्या पॅसेजमध्ये झोपायलाही मनाई. मी आत्याला म्हटलं, आत्या, हे जमायचं नाही, परत चल. पुण्याला तुला सख्ख्या मुलाच्या घरात राहवलं नाही. ती वर स्लॅबकडं बघत होती. बराच वेळ बघत होती. "जा तू," म्हणाली. "शाळा बुडंल तुझी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ईश्वरीचा फोन आला. "आई, आजी आत झोपली." मी शाळेच्या व्हरांड्यात होते. तिथंच पायरीवर बसले आणि रडले. पोरांना वाटलं, मॅडमच्या घरी कुणी गेलं.

आत्या गेली ती त्यानंतर, ईश्वरीची बारावीची परीक्षा होऊन गेल्यावर, आमच्या लोह्याच्या अंगणात, तिच्या बाजेवर, उघड्या आभाळाखाली. निकाल तिनं ऐकला नाही. ईश्वरीला मेडिकल मिळालं. घरात पेढा फिरला तेव्हा 'दोन राहिले' म्हणायला कुणी नव्हतं, आणि राहिलेही नव्हते.

पण मला आत्या आठवते ती त्या खोलीवरच्या पहिल्या रविवारची. मी डबा घेऊन गेले होते. ईश्वरी क्लासला गेलेली. आत्या भिंतीला टेकून बसली होती, डोळे सुजलेले, तोंड उतरलेलं. ईश्वरीच्या उशाशी मी सवयीनं तांब्या, पेला, वाटी शोधली. नव्हतं काही. मी विचारलं, "आत्या, झोप लागते का गं इथं?"

"झोप कशाची," ती म्हणाली. "जागीच असते मी."

"मग तब्येत कशी टिकणार? आणि ते तांब्या-वाटी का नाही ठेवत?"

"वाटी कशाला? मी हाय की." ती ईश्वरीच्या अंथरुणावरून हात फिरवत होती, चादरीच्या सुरकुत्या काढत होती. "हलाय लागलं तर पोरीला हाक मारून उठवाय कुणीतरी आत पाहिजे ना गं? त्या दिशी मी भाईर होते."

मी डबा उघडून तिच्यापुढं ठेवला. ती मात्र चादर नीट करून झाल्यावर माझ्याकडं बघून म्हणाली, "ऊठ आता. लोह्याची गाडी चुकंल तुझी."